वराह मादीतील स्त्रीबीजाची पक्वता व भ्रूणाची सुरुवातीची वाढ : निरोप देणाऱ्या प्रथिनांचे कार्य

वराहपालनातील नफा-तोटा मादीमागे वेताला किती पिल्ले हाती लागली यावर ठरतो. मादी ६ पिल्ले देवो की ११, तिच्या वर्षभराच्या खाद्याचा, गोठ्याचा आणि औषधाचा खर्च जवळपास सारखाच येतो. म्हणून जास्तीचे प्रत्येक पिल्लू हा बहुतांशी निव्वळ फायदा असतो. पालक बंधू-भगिनी पिल्लांची संख्या मोजतात ती मादी व्यायल्यावर. परंतु ही संख्या ठरते ती त्याच्या चार महिने आधी, आणि बरीचशी मादी फळविल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत.

चांगली पोसलेली प्रौढ मादी एका माजात साधारण १५ ते २० स्त्रीबीजे सोडते. नर चांगला असेल आणि वेळ साधली असेल तर त्यातील बहुतेक फळतात. तरीही गोठ्यात पिल्ले ८ किंवा १० दिसतात. मधली गेली कोठे? फळलेल्या बीजांपैकी सुमारे २० ते ३० टक्के भ्रूणे पहिल्या महिन्यातच नाहीशी होतात. ती बाहेर पडलेली दिसत नाहीत, गर्भाशयातच विरघळून जातात. त्यामुळे हे नुकसान कोणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि दोष नराला किंवा नशिबाला दिला जातो. या गळतीमागे पुष्कळदा पेशींनी एकमेकींना द्यायचे निरोप चुकलेले असतात. हे निरोप म्हणजे काही विशिष्ट प्रथिने होत. त्यांची ओळख करून घेतली तर खाद्य, फळविण्याची वेळ आणि उन्हाळ्यातील निगा यांविषयी आपण ज्या शिफारशी ऐकतो त्यांचे कारण समजते.

झोपलेले बीज

आम्हा पिकांच्या लोकांना बियाण्याची सुप्तावस्था नवी नाही. ओल, उष्णता, हवा सर्व असूनही काही बी रुजत नाही, कारण आतून रुजण्याचा हुकूम सुटलेला नसतो. वराह मादीच्या बीजांडकोशातील स्त्रीबीजाची गोष्ट काहीशी अशीच आहे. मादी पिल्लू जन्मते तेव्हाच तिच्या बीजांडकोशात काही लाख कच्ची स्त्रीबीजे असतात. जन्मानंतर त्यात व्यवहारात भर पडत नाही. ही सर्व बीजे पेशीविभाजनाच्या पहिल्याच पायरीवर थांबलेली असतात, आणि काही महिने, काही वर्षे तशीच थांबून राहतात.

प्रत्येक बीज एका पुटिकेत असते. पुटिका म्हणजे द्रवाने भरलेला लहान फोड. बीजाभोवती पोषक पेशींचा दाट थर असतो आणि त्या पेशींचे सूक्ष्म धागे बीजाच्या आवरणातून थेट आत पोचलेले असतात. या धाग्यांतून अन्न जाते, तसाच ‘अजून थांब’ हा निरोपही जातो. पुटिकेच्या भिंतीतील पेशी एक लहान प्रथिन सोडतात. ते पोषक पेशींना लागले की त्या एक रासायनिक पदार्थ तयार करून बीजात पाठवितात, आणि तो आत आहे तोवर बीजाचे विभाजन पुढे सरकत नाही. थोडक्यात, बीज आपण होऊन झोपत नाही. त्याला सतत झोपवून ठेवावे लागते. पुटिकेतून बीज अलगद काढून प्रयोगशाळेत नुसत्या पोषक द्रवात ठेवले तर ते कोणी न सांगताच जागे होऊ लागते, यावरून ही गोष्ट लक्षात आली. मात्र असे अवेळी जागे झालेले बीज पुढे टिकाव धरेलच असे नाही.

जागे होण्याचा हुकूम

माज सुरू होण्याच्या सुमारास मेंदूखालील पियुषिका ग्रंथीतून एलएच या संप्रेरकाची एकदम लाट येते. आपण समजतो की संप्रेरक रक्तातून आले आणि बीजाला जाऊन भिडले. तसे होत नाही. एलएच ओळखणारे ग्राहक बीजावर नसतातच आणि भोवतालच्या पोषक पेशींवरही जवळजवळ नसतात. ते असतात पुटिकेच्या बाहेरील भिंतीत. तेव्हा मामलेदाराचा हुकूम कोतवालाने गावात फिरवावा तसे या भिंतीतील पेशी करतात. त्या स्वतः दुसरी प्रथिने सोडतात : अँफिरेग्युलिन, एपिरेग्युलिन आणि बीटासेल्युलिन. ही तिन्ही पेशीवाढीला चालना देणाऱ्या ईजीएफ नावाच्या प्रथिनाच्या भावकीतील आहेत. ईजीएफच्या शोधाबद्दल स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ मध्ये रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले होते. ईजीएफच्या भावकीतील ही प्रथिने एलएचचा हुकूम आत पोचवितात, हे २००४ मध्ये उंदरांवरील कामातून स्पष्ट झाले आणि पुढे डुकरातही तसेच आढळले.

ही प्रथिने पोषक पेशींना भेटली की दोन कामे होतात. पोषक पेशी चिकट पदार्थ सोडून फुगतात, जणू साबुदाणा भिजून सुटा व्हावा. आणि बीजात गेलेले त्यांचे धागे हळूहळू मागे घेतले जातात. धागे तुटले की ‘थांब’ हा निरोप बंद होतो. मग बीजातील विभाजन सुरू करणारा घटक कामाला लागतो. हा घटक १९७१ मध्ये मासुई आणि मार्कर्ट यांनी बेडकाच्या अंड्यात दाखवून दिला. त्याच्या कामामुळे बीजातील ३८ गुणसूत्रांची वाटणी होऊन १९ उरतात आणि बीज नराच्या बीजाची वाट पाहत पुन्हा थांबते. आता ते पक्व झाले.

डुकरात या सर्व कामाला ४० ते ४४ तास लागतात. उंदरात ते अर्ध्या दिवसाच्या आसपास उरकते, गाईत सुमारे एका दिवसात. म्हणजे पाळीव जनावरांत डुकराचे बीज बरेच सावकाश पिकते आणि त्यामुळे मध्येच बिघडण्याची संधीही अधिक मिळते.

बीजही बोलते

पूर्वी समजूत अशी होती की पुटिका हुकूम देते आणि बीज मुकाट्याने ऐकते. गेल्या तीसेक वर्षांत हे चित्र बदलले. बीज स्वतः जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ ही दोन प्रथिने सोडते, आणि त्यांच्या आधारे भोवतालच्या पेशींनी किती वाढावे, केव्हा फुगावे हे ठरते. ही प्रथिने कमी-जास्त झाली की एका वेळी किती पुटिका पिकतील तेही बदलते.

याचे सर्वांत चांगले उदाहरण डुकरात नाही, मेंढीत आहे, आणि ते आपल्या सातारा जिल्ह्यातच पाहावयास मिळते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील लहानखुऱ्या गॅरोल मेंढीतील जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. हा गुण ज्या जनुकामुळे येतो तो बीएमपी प्रथिनांचा निरोप घेणाऱ्या ग्राहकाचा जनुक आहे, हे २००१ मध्ये सिद्ध झाले. ग्राहकात एका ठिकाणी झालेल्या लहानशा बदलाने मेंढी एकाऐवजी दोन-तीन बीजे सोडू लागते. उलट न्यूझीलंडमधील इन्व्हरडेल मेंढ्यांत बीएमपी-१५ च्या जनुकातच बिघाड आहे. बिघडलेली एक प्रत असलेली मेंढी जास्त कोकरे देते, पण दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर ती वांझ राहते. निरोप थोडा कमी झाला तर फायदा आणि अगदीच बंद पडला तर कायमचे वांझपण, असा हा नाजूक हिशेब आहे. ‘जास्त म्हणजे चांगले’ हा खतांच्या बाबतीत महाग पडलेला नियम येथेही लागू नाही.

बशीत पिकविलेली बीजे

कत्तलखान्यातून आणलेल्या बीजांडकोशांतील बीजे काचेच्या बशीत पिकवून, तेथेच फळवून पिल्ले मिळविण्यात इटलीतील शास्त्रज्ञांना १९८९ मध्ये यश आले. पण बशीतले बीज मादीच्या शरीरातील बीजाइतके सकस होत नसे. त्यात एकाऐवजी अनेक शुक्राणू शिरत, ही डुकराच्या बाबतीतली जुनी डोकेदुखी आहे. कोणता निरोप कमी पडतो याचा शोध तेव्हापासून चालू राहिला.

२०१७ मध्ये अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठातील गटाने पिकविण्याच्या द्रवात तीन प्रथिने एकत्र घातली : एफजीएफ-२, एलआयएफ आणि आयजीएफ-१. मात्रा पाहिली तर नवल वाटते. एका मिलिलिटरला पहिले ४० आणि उरलेली दोन्ही २० नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. या तिघांमुळे पोषक पेशी नीट फुगल्या, बीजातील धागे योग्य वेळी मागे आले आणि अधिक बीजे पूर्ण पक्व झाली. या बीजांपासून क्लोन पद्धतीने भ्रूणे केली तेव्हा पुढच्या अवस्थेपर्यंत पोचणारी भ्रूणे सुमारे दुप्पट निघाली. मादीत सोडल्यावर वेतातील पिल्लेही दुप्पट झाली, म्हणजे एकूण परिणाम चौपट. एकेक प्रथिन वेगळे वापरून असा परिणाम मिळाला नव्हता.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मेरीलँड येथे एका रुग्णाला जनुकबदल केलेल्या डुकराचे हृदय बसविले गेले आणि मार्च २०२४ मध्ये बोस्टन येथे दुसऱ्या रुग्णाला डुकराचे मूत्रपिंड. अशी डुकरे तयार करण्याचा मार्ग बशीत पिकविलेल्या बीजातून जातो. रोगाला दाद न देणारी डुकरे निर्माण करण्याचे कामही त्याच मार्गाने चालते. आपल्या गोठ्याशी याचा संबंध एवढाच की या कामातून बीजाला नेमके काय लागते ते कळले. ही प्रथिने टोचून पिल्ले वाढविण्याचे कोणतेही इंजेक्शन आज वराहपालकासाठी नाही. तसे सांगून कोणी बाटली विकू लागला तर पैसे खिशातच ठेवावेत.

फळल्यानंतरचे बारा दिवस

मादीचा माज २ ते ३ दिवस टिकतो आणि बीजे सुटतात ती माजाचा सुमारे दोन-तृतीयांश काळ उलटल्यावर. सुटलेले बीज काही तासच ताजे असते. नराचे बीज मादीच्या शरीरात साधारण एक दिवस जगते. म्हणून ते आधी पोचून वाट पाहत असावे. पाठीवर दाब दिल्यावर मादी स्थिर उभी राहू लागली की १२ तासांनी एकदा आणि पुन्हा १२ ते २४ तासांनी दुसऱ्यांदा फळविण्याची शिफारस याच हिशेबाने केलेली आहे.

फळलेले बीज दोन दिवसांत चार पेशींचे होऊन बीजनलिकेतून गर्भाशयात उतरते. या चार पेशींच्या अवस्थेलाच डुकराचे भ्रूण स्वतःचे जनुक वाचू लागते. तोपर्यंत ते आईने बीजात भरून ठेवलेल्या शिदोरीवर जगत असते. शिदोरी अपुरी असेल, म्हणजे बीज कच्चे किंवा उपाशी पिकलेले असेल, तर भ्रूण याच ठिकाणी अडते. पाच-सहा दिवसांत त्याचा पोकळ गोळा होतो आणि सातव्या-आठव्या दिवशी तो आवरण फोडून बाहेर येतो.

यापुढची घटना डुकराची खास आहे. अकराव्या-बाराव्या दिवसापर्यंत भ्रूण सुमारे १ सेंटिमीटरचा गोळा असतो. मग काही तासांत तो ताणला जाऊन १५ सेंटिमीटरचा धागा होतो आणि सोळाव्या दिवसापर्यंत हा धागा ८० सेंटिमीटर ते १ मीटर लांब जातो. गर्भाशयात आपापली जागा धरण्याची ही शर्यत असते. मागे राहिलेल्याला जागा मिळत नाही. या ताणण्याचा हुकूमही एक प्रथिनच देते : भ्रूणाने स्वतः तयार केलेले इंटरल्यूकिन-१ बीटा-२. हे डुकरातच आढळते. २०१८ मध्ये त्याचा जनुक काढून टाकलेली भ्रूणे तयार करण्यात आली. ती गोळ्याच्या अवस्थेपर्यंत आली, पण लांबली नाहीत.

लांबताना भ्रूण इस्ट्रोजेन सोडते. ‘आम्ही आलो आहोत’ हा आईला दिलेला निरोप असतो. हा निरोप मिळाला नाही तर गर्भाशयातील प्रोस्टाग्लँडिन रक्तात जाऊन बीजांडकोशावरील पीतपिंड मोडून टाकते आणि मादी २१ व्या दिवशी पुन्हा माजावर येते. निरोप मिळाला की तेच प्रोस्टाग्लँडिन गर्भाशयाच्या पोकळीत वळविले जाते आणि पीतपिंड वाचतो. एकदोन भ्रूणांचा आवाज मात्र पुरत नाही. पोल्ज आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये दाखविले की या सुमारास किमान ४ भ्रूणे नसतील तर गर्भधारणा सहसा टिकत नाही. एक-दोन पिल्लांची वेते डुकरात क्वचितच का दिसतात, याचे एक कारण हे आहे.

खोटा निरोप : बुरशीचा मका

येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण पिकाचा आणि गोठ्याचा संबंध येथेच येतो आणि नुकसानही येथेच जास्त होते.

इस्ट्रोजेनचा निरोप बाराव्या दिवसाच्या सुमारास यावा लागतो. प्रयोगात मादीला तेच इस्ट्रोजेन नवव्या-दहाव्या दिवशी बाहेरून दिले, तर गर्भाशय वेळेआधी तयार होते, भ्रूण मागे राहते आणि पुढच्या आठवड्याभरात सर्व भ्रूणे मरतात. निरोप खरा असूनही केवळ दोन-तीन दिवस लवकर आल्याने हे घडते.

आता मक्याकडे पाहू. ‘फ्युजॅरियम’ जातीची बुरशी मक्याच्या कणसावर वाढते. कणसाच्या शेंड्याकडून गुलाबी-लालसर छटा दिसते. ही बुरशी झिअरालेनोन नावाचे विष तयार करते. हे विष इस्ट्रोजेन नसूनही शरीराला इस्ट्रोजेनसारखे भासते. सर्व पाळीव जनावरांत डुकराला त्याची बाधा सर्वांत लवकर होते. माद्यांना फळविल्यानंतर सातव्या ते दहाव्या दिवसांत हे विष खाद्यातून गेले तर भ्रूणे जातात, असे प्रयोगांत आढळले आहे. शिवाय ते बीजाच्या पक्वतेतही अडथळा आणते. गाभण नसलेल्या मादीत ते पीतपिंड टिकवून धरते. परिणामी मादी माजावर येत नाही आणि आपण तिला गाभण समजून बसतो. माजावर न आलेल्या लहान माद्यांची योनी सुजून लाल होणे ही या विषाची उघड खूण होय.

‘डुकराला काहीही चालते’ ही समजूत म्हणूनच नुकसानीची आहे. बाजारात न खपलेला, परतीच्या पावसात भिजलेला खरीप मका पुष्कळदा डुकरांच्या वाट्याला येतो. तो उकळला तरी झिअरालेनोन जात नाही, कारण ते उष्णतेला टिकते. उन्हात वाळविल्याने पुढची बुरशी थांबते, झालेले विष कमी होत नाही. उपाय शेतातच करावा लागतो. कणसे पक्व झाल्यावर शेतात रेंगाळू देऊ नयेत. शेंड्याकडून रंगलेली कणसे सोलतानाच बाजूला काढावीत. दाणे १२ ते १३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावेत. दाणा दाताखाली कट्‌ आवाज करून फुटला पाहिजे, नुसता चेपता कामा नये. पोती भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत. बाजूला काढलेली कणसे खतखड्ड्यात जावीत. ती दुसऱ्या जनावराला घालण्याचा मोह टाळावा. गव्हाणीच्या कोपऱ्यात चिकटून आंबलेले खाद्य रोज खरवडून काढावे, हे वेगळे सांगायला नको. अगदीच इलाज नसेल आणि मका शंकास्पद असेल, तर तो विक्रीसाठी वाढविलेल्या नरांच्या खाद्यात अल्प प्रमाणात, पशुवैद्यकांना विचारून वापरावा. पैदाशीच्या माद्यांना, विशेषतः फळविल्यानंतरच्या पंधरा दिवसांत, एक ओंजळही देऊ नये.

उपाशी आई, कच्चे बीज

वर आलेले आयजीएफ-१ आणि त्याच्या जोडीचे इन्सुलिन ही प्रथिने मादीच्या पोटात गेलेल्या अन्नाचा निरोप बीजांडकोशाला देतात. प्रथमच फळवायच्या मादीला १० ते १४ दिवस आधी खाद्य वाढवून दिले तर बीजे जास्त सुटतात ती याचमुळे. माज आल्यावर हे वाढीव खाद्य कमी करावे.

जास्त दुर्लक्ष होते ते दूध पाजणाऱ्या मादीकडे. पिल्ले तोडल्यावर ४ ते ७ दिवसांत मादी माजावर येते. त्या माजात सुटणारी बीजे पिल्ले दूध पीत असतानाच वाढत असतात. त्या काळात मादी खंगली तर बीजे उपाशी पिकतात. माजावर येते, फळतेही, पण शिदोरी कमी पडलेली भ्रूणे वाटेत गळतात. दुसऱ्या वेताला पिल्ले घटली अशी तक्रार ज्या गोठ्यांत आहे, तेथे पहिल्या वेताच्या दुधाच्या दिवसांतील खाद्य तपासावे. पहिलारू मादी स्वतः वाढत असते. तिचे पोट लहान असते, म्हणून तिला दिवसातून तीन वेळा, थंड वेळी, मिळेल तितके खाऊ द्यावे.

उन्हाळ्याचे कारण असेच आहे. डुकराला घाम येत नाही म्हटले तरी चालेल. अंग तापले की ते खाणे सोडते आणि तापलेल्या शरीरात बीज व कोवळे भ्रूण दोन्ही बिघडतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये फळविलेल्या माद्यांना निदान पहिले तीन आठवडे सावली, पाण्याचे फवारे आणि लोळायला ओली जागा द्यावी. याच काळात माद्यांची जागा बदलणे, नवी मादी कळपात सोडणे, वाहतूक करणे टाळावे.

उलटण्याची तारीख काय सांगते

प्रत्येक मादीची फळविल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी आणि उलटली तर तो दिवसही लिहावा. मादी १८ ते २४ दिवसांत उलटली, तर एक तर बीज फळलेच नाही किंवा बाराव्या दिवसाआधी भ्रूणे गेली. अशा वेळी फळविण्याची वेळ, नर आणि पहिल्या दहा-बारा दिवसांतील खाद्य तपासावे. मादी २५ ते ३८ दिवसांत उलटली, तर भ्रूणांनी निरोप दिला होता, आईने तो ऐकलाही होता, आणि भ्रूणे त्यानंतर गेली. तेथे उष्णता, हाताळणी आणि रोग यांचा संशय घ्यावा. एकाच महिन्यात तीन-चार माद्या अशा उशिरा उलटल्या तर वाट न पाहता रक्ताचे नमुने तपासून घ्यावेत. आणि मादी माजावरही येत नाही, पोटही वाढत नाही, असे दिसले तर आधी मक्याचे पोते उघडून पाहावे.